रोज निम्म्याच ऑर्डर का पोचतात?

प्रश्न: आमची एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमना डेटा देणारी सोय) ऑर्डरची यादी देते. 'पेज' आणि 'लिमिट' असे दोन पॅरामीटर आहेत. एका पानावर ५० ऑर्डर, नवीन आधी. सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. आता टेबलात ४० लाख ओळी झाल्या आहेत आणि तीन तक्रारी एकदम आल्या आहेत. मोबाइल अ‍ॅपमध्ये स्क्रोल करताना एकच ऑर्डर दोनदा दिसते. हिशेबाच्या टीमचा रात्रीचा जॉब 'प्रलंबित' ऑर्डर एकेक पान करून ओढतो आणि त्यांची बिलं करतो, पण रोज साधारण निम्म्याच ऑर्डरची बिलं होतात, तीही एकही एरर न येता. आणि खूप मागची पानं मागितली की रिक्वेस्ट टाइमआउट होते. मॅनेजर म्हणतात सर्व्हर वाढवू. सहकारी म्हणतो सगळं कर्सरवर (पान क्रमांकाऐवजी शेवटच्या ओळीच्या खुणेवर) ने. पण बाहेरचे बरेच क्लायंट 'पेज' वापरतात आणि अ‍ॅडमिनच्या स्क्रीनला पान क्रमांकही हवा, एकूण संख्याही हवी. सुरुवात कुठून करू?
– तीन तक्रारींत अडकलेली बॅकएंड डेव्हलपर

नमस्कार,

तिन्ही तक्रारी सारख्या वजनाच्या नाहीत, हे आधी सांगते. अ‍ॅपमध्ये ऑर्डर दोनदा दिसली की माणूस वैतागतो. पान उशिरा आलं किंवा आलंच नाही, तर निदान ते कळतं. पण रात्रीचा जॉब निम्म्या ऑर्डर गाळतो आणि वर लॉगमध्ये 'यशस्वी' लिहून मोकळा होतो, हे फार गंभीर आहे. म्हणून सुरुवात तिथून करा, आणि जमलं तर आजच.

'साधारण निम्म्याच' असं तुम्ही लिहिलंय, त्यावरूनच कारणाचा माग लागतो. समजा, रात्री ४०० ऑर्डर प्रलंबित आहेत. जॉब पहिलं पान मागतो, त्याला १ ते ५० मिळतात. त्यांची बिलं होतात आणि बिल झालं की ऑर्डरची स्थिती बदलते, म्हणजे त्या आता प्रलंबित नाहीत. यादीत ३५० उरल्या आणि मूळची ५१वी ऑर्डर पहिल्या जागेवर आली. जॉब दुसरं पान मागतो. सर्व्हर सांगितल्याप्रमाणे पहिल्या ५० सोडतो आणि पुढच्या ५० देतो. त्या असतात मूळच्या १०१ ते १५०. मधल्या ५१ ते १०० कुणाच्या नजरेलाही पडल्या नाहीत. तिसऱ्या पानावर २०१ ते २५०, चौथ्यावर ३०१ ते ३५०. पाचवं पान मागेपर्यंत यादीत २०० उरलेल्या असतात, सर्व्हर २०० सोडतो, हाती काहीच येत नाही. रिकामं पान दिसलं की जॉबला वाटतं काम संपलं. चारशेतल्या बरोबर दोनशे झाल्या. उरलेल्यांतल्या निम्म्या दुसऱ्या रात्री होतात, त्यामुळे आकडे कधीच धड जुळत नाहीत आणि चूक लक्षात यायलाही वेळ लागतो.

जॉबचा कोड मी पाहिलेला नाही, पण पत्रातल्या वर्णनाशी हे इतकं जुळतं की आधी हेच तपासा. एका रात्रीच्या लॉगमधून बिल झालेल्या ऑर्डरचे आयडी काढा आणि त्या रात्रीच्या प्रलंबित ऑर्डरच्या क्रमाशी ताडून पाहा. पन्नास आहेत, पन्नास नाहीत, असे पट्टे दिसले की शंकेला जागाच उरत नाही.

एपीआयला हात न लावता आज करता येईल असा तात्पुरता उपाय आहे. हिशेबाच्या टीमला सांगा की आधी सगळी पानं वाचून फक्त आयडी गोळा करा आणि वाचन पुरतं संपल्यावरच बिलं करायला घ्या. कुणीतरी सुचवेल की त्यापेक्षा यादी रिकामी होईपर्यंत दर वेळी पहिलंच पान मागा. ते करू नका. ज्या ऑर्डरचं बिल काही कारणाने होतच नाही, ती पहिल्या पानावर ठाण मांडून बसते. अशा ऑर्डर पन्नास झाल्या की जॉब त्याच पानाभोवती रात्रभर फिरत राहतो.

आता मुळाकडे वळू, कारण बाकीच्या दोन तक्रारीही तिथूनच येतात. 'पेज' म्हणजे आतून 'ऑफसेट': इतक्या ओळी सोड, पुढच्या इतक्या दे. यात एक गृहीतक दडलेलं असतं, की दोन रिक्वेस्टच्या मधल्या वेळात यादी जागची हलणार नाही. ऑर्डरची यादी तर सतत हलते. अ‍ॅपमध्ये नवीन ऑर्डर वर येतात. वापरणाऱ्याने पहिलं पान पाहिलं आणि तेवढ्यात तीन नव्या ऑर्डर आल्या, तर मघाची ४८वी, ४९वी आणि ५०वी आता ५१, ५२, ५३ या जागांवर सरकल्या. दुसऱ्या पानाची सुरुवात त्यांनीच होते, म्हणून त्या दोनदा दिसतात. उलट, वरच्या तीन ऑर्डर यादीतून गेल्या, तर तीन ऑर्डर दिसतच नाहीत. दोनदा दिसल्याची तक्रार येते, न दिसल्याची येत नाही, कारण जे दिसलंच नाही त्याची तक्रार कोण करणार? त्यामुळे अ‍ॅपमध्येही ऑर्डर गळत असतील असं धरून चाला.

वेगाचं म्हणाल तर, ऑफसेटने सोडलेल्या ओळी फुकट सुटत नाहीत. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे की वगळलेल्या ओळीही सर्व्हरला आतल्या आत काढाव्याच लागतात, म्हणून मोठा ऑफसेट महागात पडतो. बाकीच्या रिलेशनल डेटाबेसमध्येही चित्र असंच आहे. तुमच्या यादीचं २०,००० वं पान मागितलं, की डेटाबेस ९,९९,९५० ओळी चालून जातो, त्या टाकून देतो आणि ५० ओळी हातात ठेवतो. मॅनेजरना हाच आकडा दाखवा. सर्व्हर वाढवला तर तेच वाया जाणारं काम थोडं लवकर उरकेल, वर्षभरात ओळी वाढल्या की पुन्हा हीच बैठक होईल. आणि गळती? सर्व्हर कितीही मोठा केला तरी एकही गळलेली ऑर्डर परत येणार नाही.

तेव्हा तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. 'किती सोडू' असं विचारण्याऐवजी 'कुणाच्या पुढचं देऊ' असं विचारायचं. क्लायंट शेवटी पाहिलेल्या ओळीची खूण, म्हणजेच कर्सर, पाठवतो आणि सर्व्हर त्या ओळीच्या पुढच्या ५० ओळी देतो. वर कितीही नव्या ऑर्डर आल्या, मधल्या कितीही गेल्या, तरी 'या ओळीच्या पुढे' याचा अर्थ बदलत नाही. सोबत योग्य इंडेक्स (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) असला, की डेटाबेस थेट त्या जागी उतरतो आणि ५० ओळी वाचून थांबतो. पहिलं पान असो वा विसाव्या हजारातलं, खर्च जवळपास तेवढाच.

मात्र कर्सर घाईघाईने बसवला, तर जुन्या बगच्या जागी नवे बग येतात आणि ते शोधायला जास्त अवघड असतात. म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

क्रम पूर्ण ठरलेला हवा. तुम्ही ऑर्डरच्या वेळेनुसार लावता. एकाच वेळेचा शिक्का असलेल्या दोन ऑर्डर असू शकतात, आणि कुणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटात) शेकडो ऑर्डर आयात केल्या, तर त्या सगळ्यांवर एकच वेळ येऊ शकते. अशा ओळींमध्ये आधी कोण, नंतर कोण, हे डेटाबेस दर क्वेरीला वेगळं ठरवायला मोकळा असतो. म्हणून क्रम वेळ आणि आयडी अशा जोडीवर लावा. अट शब्दांत अशी होते: वेळ शेवटच्या ओळीच्या वेळेपेक्षा आधीची, किंवा वेळ तीच पण आयडी लहान. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये ही तुलना जोडीची जोडी म्हणून एका झटक्यात लिहिता येते. इंडेक्सही याच जोडीवर हवा. प्रलंबितसारखा फिल्टर नेहमी लागत असेल, तर स्थिती, वेळ, आयडी या क्रमाने तिन्ही कॉलमवर एक इंडेक्स ठेवा. कर्सरचं बाकी काही जमलं नाही, तरी क्रमात आयडी जोडायचं काम आजच करा. ऑफसेटवर चालणारी पानंही त्याने थोडी शहाणी होतात.

कर्सरमध्ये नुसता आयडी न घालता वेळ आणि आयडी या दोन्ही किमती ठेवा. नुसता आयडी असला, तर सर्व्हरला आधी ती ओळ शोधून तिची वेळ काढावी लागते, आणि मधल्या काळात ती ओळ कुणी डिलीट केली असेल तर पुढे जायला वाटच राहत नाही. दोन्ही किमती हातात असल्या की ती ओळ अस्तित्वात आहे की नाही, याने फरक पडत नाही.

वेळेच्या बारकाईकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. पोस्टग्रेस्क्यूएल वेळ मायक्रोसेकंदापर्यंत ठेवतं, जावास्क्रिप्टची डेट मिलिसेकंदापर्यंतच. शेवटच्या ऑर्डरची वेळ सेकंदाच्या पुढे ०.१२३४५६ अशी होती आणि कर्सर बनवताना तिची ०.१२३ झाली, तर 'यापेक्षा आधीच्या' म्हणताना मधल्या ४५६ मायक्रोसेकंदांतल्या ऑर्डर गळतात. क्रम उलटा असेल तर त्याच ओळी पुन्हा येतात. वर्दळ कमी असते तोवर हे लक्षातही येत नाही. कर्सरमधली वेळ डेटाबेसकडून आली तशीच्या तशी, मजकूर म्हणून ठेवा, कुठल्याही डेट ऑब्जेक्टमधून फिरवू नका.

ज्या कॉलममध्ये नल (किंमतच भरलेली नाही) असू शकतं, त्यावर क्रम लावताना सावध राहा. डिलिव्हरीची तारीख हे नेहमीचं उदाहरण. नलशी केलेली तुलना ना खरी ठरते ना खोटी, त्यामुळे ज्यांची डिलिव्हरी व्हायची आहे अशा सगळ्या ऑर्डर कर्सरच्या अटीतून मुकाट्याने बाहेर पडतात.

कर्सर क्लायंटला कसा द्यायचा? त्याला आत डोकावून अर्थ लावता येऊ नये असा, एक अपारदर्शक मजकूर म्हणून. बेस६४ मध्ये गुंडाळलेला चालतो. त्याने गुप्तता येत नाही, फक्त 'हे तुमच्या वाचण्यासाठी नाही' एवढा इशारा जातो. उद्या तुम्हाला आतली रचना बदलायची असेल, तर हा इशारा उपयोगी पडतो. त्याच मजकुरात क्रम आणि फिल्टर यांचीही नोंद ठेवा. एका फिल्टरचा कर्सर दुसऱ्या फिल्टरसोबत आला तर सरळ ४०० हा 'रिक्वेस्ट चुकीची' असा एरर कोड देऊन काय चुकलं ते सांगा, अंदाजाने काहीतरी परत पाठवू नका. आणि कोणाला कोणत्या ऑर्डर दिसाव्यात याची तपासणी दर पानाला नव्याने करा. कर्सर हातात आहे म्हणून परवानगी आहे, असं कधीच धरू नका.

यादी संपली हे क्लायंटला कळायचं कसं, हा प्रश्न लहान वाटतो, पण बरेच क्लायंट इथेच चुकतात. 'पन्नासपेक्षा कमी आल्या म्हणजे संपलं' असा नियम ते स्वतःच बांधतात. पण परवानगीनुसार काही ओळी गाळल्यावर मधलं पानही लहान होऊ शकतं. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये तर एक क्वेरी जास्तीत जास्त १ एमबी डेटा वाचते आणि फिल्टर त्यानंतर लावते. त्यामुळे पान पूर्ण रिकामं येऊनही पुढे डेटा शिल्लक असू शकतो. म्हणून संपल्याची खूण तुम्ही स्वतः द्या: पुढचा कर्सर असेल तर पुढे आहे, नसेल तर संपलं. ते ठरवायला वेगळी क्वेरी नको. ५० हव्या असतील तर ५१ मागा. एक्कावन्नावी आली तर पुढे आहे. ती क्लायंटला देऊ नका, कर्सर पन्नासाव्या ओळीचा बनवा.

लिमिटला वरची मर्यादा घाला आणि ती लिहून ठेवा. गिटहबच्या रेस्ट एपीआयमध्ये बहुतेक याद्यांना आकडा न सांगता ३० आणि मागितल्यास जास्तीत जास्त १०० मिळतात, स्ट्राइप या पेमेंट सेवेत न सांगता १० आणि कमाल १००. तुमचे ५० ठीक आहेत.

आता एकूण संख्या. इथे मी थोडी हट्टी आहे. दर पानासोबत एकूण संख्या देणं बंद करा. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये अचूक मोजणी करायची तर कोणती ओळ या ट्रान्झॅक्शनला दिसते हे तपासत जावं लागतं, त्यामुळे लाखो ओळींची मोजणी ५० ओळी आणण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. आणि अ‍ॅपमध्ये स्क्रोल करणाऱ्याला तो आकडा नकोच असतो. ज्याला हवा त्याने वेगळा पॅरामीटर देऊन मागावा. अ‍ॅडमिनच्या स्क्रीनवर '१०,०००हून जास्त' एवढं बहुतेक वेळा पुरतं: १०,००१ ओळींपर्यंत मोजा आणि थांबा. इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्रही वेगळं न सांगता १०,००० पर्यंतच अचूक मोजतं आणि ऑफसेटच्या पद्धतीने पहिल्या १०,००० निकालांपलीकडे जाऊ देत नाही. मोठ्या व्यवस्था असं करतात हे मॅनेजरना सांगितलं, की पटवणं सोपं जाईल.

अ‍ॅडमिनला पान क्रमांक हवा, ही मागणी मला चुकीची वाटत नाही. माणूस पडद्यावर पाहतोय, पानं थोडी आहेत, एखादी ओळ सरकली तरी तो समजून घेतो. त्यांना ऑफसेट राहू द्या, पण खोलीला मर्यादा घाला, उदाहरणार्थ पहिली २०० पानं. त्यापलीकडे जाणाऱ्याला विचारा की नक्की काय शोधताय. बहुतेकदा उत्तर 'मार्चमधल्या ऑर्डर' किंवा 'अमुक ग्राहकाच्या ऑर्डर' असं येतं. त्यासाठी तारखेचा आणि ग्राहकाचा फिल्टर द्या. २०० पानांमागे काय असेल याचा अंदाज घेत पान क्रमांक टाकत बसायला कुणालाच आवडत नाही.

हिशेबाच्या जॉबकडे पुन्हा येते, कारण कर्सरने त्यांचा प्रश्न सुटला तरी एक बारीक फट राहते. प्रलंबित ऑर्डरची बिलं होताहोता त्या यादीतून गेल्या तरी कर्सर चुकत नाही, पट्टे पडणं थांबेल. पण उद्या ते 'कालपासून बदललेल्या सगळ्या ऑर्डर' मागायला लागले, की क्रम बदलाच्या वेळेवर जाईल, आणि तिथे सापळा आहे. पोस्टग्रेस्क्यूएलमधलं 'नाऊ' हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. एखादी ट्रान्झॅक्शन दोन मिनिटं चालली, तर तिच्या ओळी कमिट होऊन दिसू लागतात तेव्हा त्यांच्यावर दोन मिनिटं जुनी वेळ असते. जॉब तोवर त्या वेळेच्या पुढे निघून गेलेला असतो आणि त्या ओळी त्याला पुन्हा कधीच भेटत नाहीत. उपाय असा, की दर फेरीत थोडं मागे जाऊन वाचायचं, तुमच्या सर्वांत लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त मागे, आणि पुन्हा आलेल्या ऑर्डर आयडीवरून ओळखून एकदाच धरायच्या. ही गोष्ट एपीआयच्या दस्तऐवजात ठळकपणे लिहा. क्लायंटला ती आपोआप सुचणार नाही.

राहिले बाहेरचे क्लायंट. त्यांचं 'पेज' एका रात्रीत काढू नका. कर्सर शेजारी नवा पॅरामीटर म्हणून आणा, आणि दोन्ही पद्धतींच्या रिस्पॉन्समध्ये पुढच्या पानाची पूर्ण लिंक द्यायला लागा. लिंक हेडरची रीत आरएफसी ८२८८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात (२०१७) ठरलेली आहे, 'नेक्स्ट' हे नातंही प्रमाणित आहे. नाहीतर जेसनमध्ये एक फील्ड ठेवा. जो क्लायंट ती लिंक जशीच्या तशी उघडतो, त्याच्यासाठी आत ऑफसेट आहे की कर्सर याने काहीच बदलत नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही आतलं काही बदललंत तरी त्याला फोन करावा लागत नाही. लॉगमधून पाहा, कोण किती खोल पानं मागतं. टाइमआउट होणाऱ्या रिक्वेस्ट बहुधा दोन-चार क्लायंटच्याच असतील. त्यांच्याशी आधी बोला. मग 'पेज'च्या खोलीवर मर्यादा येण्याची तारीख जाहीर करा. एखादं एंडपॉइंट पुरतंच बंद करायचं ठरलं, तर त्यासाठी 'सनसेट' नावाचं हेडर आरएफसी ८५९४ मध्ये (२०१९) दिलेलं आहे, ते रिस्पॉन्ससोबत पाठवायला लागा.

आणि एक टेस्ट लिहा, कर्सरचा कोड लिहायच्याही आधी. एकाच वेळेचा शिक्का असलेल्या १२० ऑर्डर टेबलात घाला. पहिलं पान वाचा. मग वर पाच नव्या ऑर्डर घाला, पहिल्या पानावरच्या दोन डिलीट करा, पन्नासावीही डिलीट करा, कारण कर्सर तिचाच आहे. मग शेवटपर्यंत वाचत जा. मूळच्या १२० पैकी प्रत्येक ऑर्डर एकदा आणि एकदाच यायला हवी. तुमच्या आजच्या एपीआयवर ही टेस्ट लाल होईल, म्हणजे नापास. ती लाल टेस्टच मॅनेजरच्या बैठकीला घेऊन जा.